खान्देशातील आपत्तींची जोखीम कशामुळे वाढते? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील ग्रामपंचायत सदस्य, पोलीस पाटील, शिक्षक, आशा कार्यकर्त्या आणि गावात काही करू पाहणारे तरुण यांच्याकडून नेहमी येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. पूर किंवा उष्णतेची लाट आल्यानंतर काय करावे, यापेक्षा एखादे गाव मुळातच अधिक धोक्यात का असते, यावर येथे भर दिला आहे. नुकसानीची बरीचशी कारणे संकटाच्या कितीतरी आधी, आपल्याच निर्णयांतून तयार झालेली असतात आणि म्हणूनच ती बदलता येतात, अशी आमची ठाम धारणा आहे.

आपत्ती आणि जोखीम यांत फरक काय?

अतिवृष्टी, भूकंप, वीज, कडक ऊन हे धोके आहेत. धोक्याच्या वाटेवर माणसे, घरे, गुरे आणि पिके किती आहेत, ती किती कमकुवत स्थितीत आहेत आणि संकट सोसून पुन्हा उभे राहण्याची ताकद लोकांपाशी किती आहे, या तीन गोष्टी धोक्याशी जोडल्या गेल्या की जोखीम ठरते. निर्जन खोऱ्यात कितीही पाऊस पडला तरी ती आपत्ती होत नाही. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ मधील व्याख्याही हेच सांगते : ज्या घटनेला तोंड देणे बाधित क्षेत्रातील समाजाच्या क्षमतेपलीकडे जाते, ती आपत्ती.

ओडिशाचे उदाहरण येथे बोलके आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. ऑक्टोबर २०१३ मध्ये ‘फायलिन’ हे तसेच अतितीव्र चक्रीवादळ त्याच किनाऱ्यावर आले, तेव्हा मृतांची संख्या काही डझनांपुरती राहिली. समुद्र तोच होता. मधल्या काळात निवारे बांधले गेले, इशारा देण्याची व्यवस्था सुधारली आणि लाखो लोकांना वेळेवर हलवण्याची तयारी झाली होती.

एकाच पुरात एका वस्तीचे सर्वस्व जाते आणि शेजारची वस्ती वाचते, असे का होते?

पहिले कारण जागेचे. गावठाण बहुधा उंचावर असते, कारण जुन्या लोकांनी नदीचा पूर पाहून ते वसवलेले असते. नंतर वाढलेली घरे, टपऱ्या, गोठे आणि बाजार मात्र नदी-नाल्याच्या काठाकडे सरकतात, कारण तेथे जागा स्वस्त किंवा मोकळी असते. पाच-सात वर्षे कमी पावसाची गेली की कोरडा नाला ही मोकळी जागाच वाटू लागते. त्यात मुरूम भरला जातो, वर पत्र्याची शेड उभी राहते आणि नाल्याचे पात्र निम्म्यावर येते. मोठा पाऊस आल्यावर पाणी आपली जुनी वाट शोधते.

३१ ऑगस्ट २०२१ रोजी चाळीसगाव तालुक्यात हेच दिसले. डोंगरभागात रात्रीतून प्रचंड पाऊस झाला, तितूर आणि डोंगरी या नद्या दुथडी भरून शहरात आणि गावांत शिरल्या, शेकडो जनावरे वाहून गेली आणि कन्नड घाटात दरडी कोसळून रस्ता बंद पडला. डोंगराच्या पायथ्याशी उगम पावणाऱ्या अशा छोट्या नद्यांचा पूर काही तासांतच चढतो. तापीच्या पुराची चाहूल तरी आधी लागते. या नद्यांच्या काठी विचार करायलाही वेळ मिळत नाही. वर्षाचे आठ महिने कोरडी असणारी नदी आपल्याला निरुपद्रवी वाटते, आणि खान्देशातील बहुतेक उपनद्या अशाच आहेत.

दुसरे कारण बांधकामाचे. जुनी मातीच्या भिंतींची धाब्याची (मातीच्या सपाट छताची) घरे उन्हाळ्यात गारवा देतात, पण तीन-चार दिवस झड लागली की धाबे पाणी पिऊन जड होते, भिंतीचा पाया भिजतो आणि घर झोपेतच कोसळते. अशा मृत्यूंची बातमी पुराच्या बातमीखाली दबून जाते. पावसाळ्यापूर्वी धाब्यावर नवी माती टाकताना जुनी काढली नाही, तर दरवर्षी वजन वाढत जाते. ही गोष्ट घरोघरी सांगितली गेली पाहिजे.

पाटबंधारे विभाग नद्यांच्या पूररेषा आखतो. सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द निळ्या रेषेने, तर १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची हद्द लाल रेषेने दाखवतात. आपले घर कोणत्या रेषेच्या आत आहे, हे घरमालकाला माहीत नसणे हीसुद्धा एक जोखीमच आहे. आपल्या नदीची पूररेषा आखलेली नसेल, तर वृद्धांना विचारून त्यांनी पाहिलेल्या सर्वांत मोठ्या पुराची खूण शाळेच्या किंवा मंदिराच्या भिंतीवर रंगाने काढून ठेवावी.

वर धरण आहे. मग खालच्या गावांना पुराची भीती का बाळगावी?

धरण लहान आणि मध्यम पूर अडवते, त्यामुळे खाली राहणाऱ्यांना नदी शांत झाल्यासारखी वाटते आणि काठावरची वस्ती वाढत जाते. मोठा पूर आला की धरणाला दरवाजे उघडावेच लागतात. भुसावळजवळचे हतनूर धरण तापी आणि पूर्णा यांच्या संगमाच्या खाली आहे आणि त्याला ४१ दरवाजे आहेत. मध्य प्रदेशातील बैतूल-बऱ्हाणपूरकडे किंवा विदर्भातील पूर्णेच्या खोऱ्यात पाऊस झाला, तर जळगाव जिल्ह्यात ऊन पडलेले असतानाही हतनूरमधून मोठा विसर्ग सुरू होतो. आपल्या डोक्यावर पाऊस नाही म्हणून नदीत गुरे धुवायला किंवा पाण्याची मोटार काढायला उतरलेला माणूस त्यामुळेच अडकतो. हीच गोष्ट पांझरेवरील अक्कलपाडा आणि गिरणा धरणाखालच्या गावांनाही लागू पडते. विसर्गाची सूचना तलाठी आणि ग्रामपंचायतीपर्यंत येते; ती नदीकाठच्या शेवटच्या झोपडीपर्यंत कोण नेणार, हे ठरलेले असावे लागते.

आपल्याकडे ऊन नेहमीचेच आहे. उष्णतेच्या लाटेला आपत्ती का म्हणायचे?

खान्देशात हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि आमच्या मते सर्वांत घातक गैरसमजही हाच आहे. जळगाव-भुसावळ पट्ट्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जाणे नवे नाही. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार मैदानी भागात कमाल तापमान ४५ अंशांवर पोहोचले की ती उष्णतेची लाट मानतात, आणि ४७ अंशांवर तीव्र लाट. पुरात घर पडते, फोटो निघतो, पंचनामा होतो. उन्हाने माणूस जातो तेव्हा कागदावर बहुधा हृदयविकार किंवा ताप असे कारण लिहिले जाते. त्यामुळे नुकसान दिसत नाही, आणि जे दिसत नाही त्याची तयारीही होत नाही.

उन्हाची जोखीम सर्वांना सारखी नसते. केळीचे घड वाहणारे, वीटभट्टीवर काम करणारे, रस्त्याच्या कामावरचे मजूर आणि बाजार समितीतील हमाल यांना दुपारी सावलीत थांबायचे तर रोज बुडतो. पत्र्याच्या घरात रात्रीही उष्मा उतरत नाही, आणि शरीराला रात्री विश्रांती मिळाली नाही तर दुसऱ्या दिवशीचे ऊन अधिक घातक ठरते. पाणी लांबून आणावे लागत असेल तर ते काम बहुतेक स्त्रियांकडेच असते. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सणाला लेकी-सुना प्रवासात असतात, लग्नाच्या तिथीही याच दिवसांत येतात, आणि भर दुपारी मांडवात शेकडो माणसे बसलेली असतात. लग्नाची वेळ सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ठेवणे, हा खान्देशात उष्माघात टाळण्याचा अतिशय परिणामकारक उपाय ठरू शकतो आणि त्याला कोणताही निधी लागत नाही.

एकटेपणा हेही मोठे कारण आहे. जुलै १९९५ मध्ये अमेरिकेतील शिकागो शहरात उष्णतेच्या लाटेत सातशेहून अधिक माणसे दगावली; त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांचे प्रमाण मोठे होते. आपल्याकडे एकत्र कुटुंबे आहेत असे म्हणून हा मुद्दा सोडून देता येणार नाही. तरुण मंडळी सुरत, नाशिक, पुण्याला गेल्यामुळे कुलूप लावलेल्या घरांच्या शेजारी एकटी राहणारी म्हातारी माणसे आज कितीतरी गावांत आहेत. अहमदाबादने २०१० च्या लाटेनंतर २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा केला. त्यात इशारे देणे, दवाखान्यांची तयारी करणे आणि पाण्याची सोय करणे अशा साध्याच गोष्टी होत्या.

गरिबीमुळे जोखीम वाढते म्हणजे नेमके काय होते?

गरीब माणसाला धोका कळत नाही, असा अर्थ मुळीच नाही. त्याला धोका टाळण्याची किंमत परवडत नाही. नदीकाठची जागा धोक्याची आहे हे तेथे राहणाऱ्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते. मालकाकडून उचल घेतलेल्या सालदाराला वर्षाच्या मध्यावर काम सोडता येत नाही. ऊसतोडीसाठी गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात गेलेले नंदुरबारचे कुटुंब शेतातल्या कोपीत, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, राहते. तेथील धोक्याचा इशारा, तेथील रेशन आणि तेथील दवाखाना यांपैकी कोणत्याच यादीत त्याचे नाव नसते, आणि गावातल्या यादीत असून उपयोग नसतो. संकट आल्यावर ज्याच्याकडे बचत किंवा विमा नाही, तो बैलजोडी विकतो किंवा कर्ज काढतो. पुढचे संकट येते तेव्हा तो आधीपेक्षा अधिक उघडा पडलेला असतो. दुष्काळानंतर पूर आणि पुरानंतर गारपीट अशा ओळीने येणाऱ्या संकटांत एखादे कुटुंब दोन-तीन वर्षांतच भूमिहीन होऊ शकते.

मदतीचे नियमही कधी कधी जोखीम वाढवतात. पिकाच्या नुकसानीचा पंचनामा सातबारावरील नावाने होतो. बटाईने शेत करणाऱ्याने बियाणे, खत आणि कष्ट घातलेले असतात. भरपाई मात्र मूळ मालकाच्या खात्यात जाते. वनहक्काचा दावा प्रलंबित असलेल्या आदिवासी शेतकऱ्याची अडचण तर त्याहून मोठी असते. ज्यांचे नाव कागदावर नाही अशा कुटुंबांची यादी ग्रामसभेने आधीच करून ठेवावी, असा आमचा आग्रह आहे.

सातपुड्यातील पाड्यांची जोखीम वेगळी का मानतात?

धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांत घरे एकमेकांपासून दूर, डोंगरउतारावर विखुरलेली असतात. पावसाळ्यात ओढ्यांना पाणी आले की पाड्याचा संपर्क तुटतो आणि बाळंतिणीला किंवा सर्पदंश झालेल्याला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणावे लागते. मैदानातील गावात जे साधे दुखणे असते, ते येथे प्राणावर बेतते. कारण अंतर हाच येथे मोठा धोका आहे.

सरदार सरोवरामुळे महाराष्ट्रातील ३३ गावे बाधित झाली. नर्मदेकाठी मागे राहिलेल्या लोकांचे पूर्वीचे रस्ते आणि ओढे ओलांडण्याच्या जागा पाण्याखाली गेल्या आणि ये-जा होडीवर आली. १५ जानेवारी २०१९ रोजी धडगाव तालुक्यातील भुषा येथे संक्रांतीच्या सणाला निघालेली, क्षमतेपेक्षा जास्त माणसे भरलेली बोट नर्मदेत उलटली आणि त्यात लहान मुलांसह अनेकांचा जीव गेला. जास्त माणसे का भरली, हा प्रश्न योग्यच आहे. पण बोटी किती होत्या, जीवरक्षक जाकिटे होती का आणि त्या काठाला दुसरा कोणता मार्ग उपलब्ध होता, हे प्रश्नही त्याच्याबरोबर विचारले गेले पाहिजेत.

भाषेचा मुद्दाही येथेच येतो. पावरी, भिली किंवा मावची बोलणाऱ्या आजीला प्रमाण मराठीतील मोबाइल संदेश काय सांगणार? गावातल्याच आवाजात, गावच्याच बोलीत दिलेली दवंडी अधिक उपयोगी पडते.

एकाच पिकावर अवलंबून राहणे हे आपत्तीचे कारण कसे?

पीक हे कारण नव्हे, सगळा पैसा एकाच ठिकाणी असणे हे कारण आहे. रावेर, यावल, चोपडा आणि मुक्ताईनगर भागात केळीवर गावेच्या गावे उभी आहेत. मे-जूनमधील वादळी वारा काही मिनिटांत घड लागलेली बाग आडवी करतो. बाग आडवी झाली की फक्त शेतकरी बुडत नाही. कापणीचे मजूर, ट्रकवाले, खत दुकानदार, पतसंस्था असे सगळेच एकदम अडचणीत येतात, त्यामुळे शेजाऱ्याने शेजाऱ्याला हात देण्याची नेहमीची सोयही राहत नाही. फळपीक विम्याची भरपाई महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या नोंदीवर अवलंबून असते. वारा मात्र एका शिवारात येतो आणि दुसऱ्यात येत नाही.

रोगराईचेही तसेच आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातील बर्ड फ्लूचा पहिला उद्रेक नवापूर येथे आढळला. एकमेकांना लागून असलेल्या कुक्कुटपालन केंद्रांमुळे लाखो पक्षी नष्ट करावे लागले आणि एका तालुक्याचा प्रमुख व्यवसाय काही दिवसांत थांबला.

जंगल, माती आणि भूजल यांचा पुराशी व दुष्काळाशी काय संबंध आहे?

उघड्या डोंगरावर पडलेले पाणी थांबत नाही. ते माती घेऊन खाली येते, बंधारे गाळाने भरते आणि पावसाळा संपताच नाले कोरडे पडतात. म्हणजे पूर आणि टंचाई या दोन्ही गोष्टी एकाच उघड्या डोंगरातून निर्माण होतात. यावल-रावेर पट्ट्यात केळीसाठी वर्षानुवर्षे झालेल्या उपशामुळे विहिरी आटल्या आणि कूपनलिका खोल खोल जात राहिल्या. ज्याला आणखी खोल जाणे परवडत नाही, त्याच्यासाठी दुष्काळ आधी सुरू होतो. गिरणेसारख्या नद्यांतील बेसुमार वाळूउपशाने काठ ढासळतात आणि पात्रात पाणी मुरण्याचे प्रमाणही घटते.

याच खान्देशात साक्री तालुक्यातील बारीपाडा हे गाव आहे. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावकऱ्यांनी १९९० च्या दशकापासून शेकडो हेक्टर जंगल राखले, कुऱ्हाडबंदीचे नियम स्वतः केले आणि स्वतः पाळले. आता तेथील पाणी शेजारच्या गावांनाही उपयोगी पडते. २०२५ मध्ये पवार यांना पद्मश्री मिळाली. पांझरेच्या काठावरील जुनी फड पद्धतीही अशीच आहे : बंधाऱ्याचे पाणी कोणत्या फडाला किती द्यायचे हे शेतकरी मिळून ठरवत आणि पाटकरी ते वाटत असे. जेथे पाणी वाटून घेण्याची सवय आहे, तेथे संकटात माणसे एकमेकांशी बोलतात. ही ताकद कोणत्याही सरकारी तक्त्यात मोजली जात नाही, पण ती आहे.

भूकंपाची भीती खान्देशाला आहे का?

मध्यम स्वरूपाची आहे. नर्मदा-तापी पट्टा भूगर्भशास्त्राच्या दृष्टीने अगदीच शांत नाही. १४ मार्च १९३८ रोजी सातपुड्यात सहा रिश्टरपेक्षा मोठा भूकंप झाला होता. दगड-मातीच्या जड भिंतींची घरे आणि अभियंत्याचा सल्ला न घेता चढवलेले मजले, या दोन गोष्टींची काळजी घेतली तरी बरेच काही साधेल.

कारखाने, महामार्ग आणि रेल्वे यांमुळे कोणती जोखीम येते?

३१ ऑगस्ट २०१९ रोजी शिरपूर तालुक्यातील वाघाडीजवळ एका रासायनिक कारखान्यात स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कारखान्याच्या आवाराला लागून मजुरांची कुटुंबे राहत असतील, तर कामावर नसलेली माणसेही स्फोटाच्या टप्प्यात येतात. शेजारच्या कारखान्यात कोणते रसायन साठवले आहे आणि वायुगळती झाल्यास कोणत्या दिशेने जायचे, हे विचारण्याचा गावाला हक्क आहे.

रेल्वेच्या संदर्भात २२ जानेवारी २०२५ ची घटना विसरता येत नाही. पाचोरा तालुक्यात परधाडेजवळ पुष्पक एक्स्प्रेसला आग लागल्याची अफवा पसरली, प्रवाशांनी रुळांवर उड्या घेतल्या आणि समोरून येणाऱ्या कर्नाटक एक्स्प्रेसखाली किमान १२ जण ठार झाले. आग नव्हतीच. खात्रीची माहिती देणारा कोणी जवळ नसेल तर घबराट हाच धोका बनतो, आणि ही गोष्ट धरण फुटल्याच्या अफवेलाही तितकीच लागू आहे.

इशारा मिळूनही लोक घर का सोडत नाहीत?

कारण घर सोडण्याचीही किंमत असते. गुरे कोठे बांधायची, धान्याच्या कोठीचे काय, चोरी झाली तर काय, शाळेच्या खोलीत तरुण मुलीसह रात्र कशी काढायची, तेथे शौचालय आहे का, हे प्रश्न खरे आहेत. त्यांना हट्ट म्हणणे अन्यायाचे आहे. गुरांसाठी उंचावरची जागा आणि चारा आधीच ठरवला असेल, तर माणसे लवकर निघतात. दिव्यांग, अंथरुणाला खिळलेले आणि गरोदर स्त्रिया यांना कोण उचलून नेणार, हे नावानिशी ठरवावे. “सगळे मिळून बघू” असे ठरले की ऐन वेळी कोणीच बघत नाही. पूर्वीचे इशारे पोकळ ठरले असतील, तर तेही मान्य करून लोकांशी बोलावे.

गावाने सुरुवात कोठून करावी?

एप्रिलच्या ग्रामसभेत गावाचा नकाशा जमिनीवर काढावा आणि त्यावर नाले, पडकी घरे, विजेच्या लोंबणाऱ्या तारा, एकटे राहणारे वृद्ध आणि पाण्यात बुडणारे फरशी पूल दाखवावेत. स्त्रिया आणि शेतमजूर यांना वेगळे बसवून त्यांचा नकाशा काढून घ्यावा. तो बहुधा पुरुषांच्या नकाशापेक्षा वेगळा निघतो आणि अधिक उपयोगाचा असतो. वीज पडण्याचा इशारा देणारे ‘दामिनी’ हे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे अॅप शेतात जाणाऱ्या तरुणांच्या फोनमध्ये असावे. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७, रुग्णवाहिकेचा १०८ आणि तातडीच्या मदतीचा ११२ हे क्रमांक अंगणवाडी, रेशन दुकान आणि पिठाच्या गिरणीवर मोठ्या अक्षरांत रंगवून घ्यावेत. फरशी पुलावर पाणी आल्यावर दोन्ही बाजूंना दोरी बांधून रस्ता अडवण्याची जबाबदारी कोणत्या दोन माणसांची, आणि ती दोघे गावात नसतील तर कोणाची, हे त्याच सभेच्या इतिवृत्तात नावांसह लिहून घ्यावे.